चौथी पळी

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकात एक रसवंती आहे. चाकाला घुंगरं बांधलेली. जूनचं ऊन टाळू जाळतंय आणि चाक उभं आहे. रस्त्यावर माणसं आहेत, पण थांबत कुणी नाही. मालक फडक्याने घुंगरं पुसत बसलाय.

*

येवल्यात भिमाजी विणकराचा रेशमाचा धागा तुटला, की तो तुटलेलं टोक जिभेने ओलं करतो, शेजारच्या लोट्यातून एक घोट घेतो आणि मगच गाठ मारतो. घोट कशासाठी, असं विचारलं तर तो म्हणेल, कसला घोट?

*

पेठच्या रस्त्यावर घाट उतरून एसटी सपाटीला लागली, की बारकू ड्रायव्हरचा डावा हात आपोआप बाटलीकडे जातो. डोळे रस्त्यावरच.

*

देवळ्याला आक्काबाई कांदे निवडतात. गोणी भरली, गोणीचं तोंड शिवलं, की माठावरची करवंटी उचलतात. मग पुढची गोणी.

*

टीव्हीवर परदेशातलं एक कारंजं. काठावर माणसं शांत बसलेली, ओठांना भेगा पडलेल्या. कुणी ओंजळ पुढे करत नाही.

*

पंचवटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, तांब्याची कळशी. तिला हात लावायचा नाही.

*

या शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करू, कारण राखी तिथे राहते.

कळशी सासऱ्यांची. वेणीमाधव रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं करायचे. पहाटे स्कूटरवरून जायचे, उन्हं चढली की परत यायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा आंघोळ, सोवळं, देवघर. कळशी स्वतः भरायची, स्वतः उचलायची. राखी सून म्हणून आली त्याला नऊ वर्षं झाली होती. ती नाशिकरोडकडच्या वसाहतीतली, बौद्ध घरातली. सातपूरच्या कंपनीत यशोधन आणि ती एकाच विभागात होते. तिथे ओळख झाली, लग्न रजिस्टर झालं. सासऱ्यांनी तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. चहा तिच्या हातचा घ्यायचे, भाजी वाढून घ्यायचे, वर आमटीत मीठ कमी आहे हेही सांगायचे. फक्त देवघरातलं पाणी वेगळं. सकाळी ती ओट्यापाशी कुकर लावत असे आणि पलीकडे ते पाटावर बसलेले असत. मध्ये एक उंबरठा. तिने तो ओलांडला नाही आणि त्यांनी तिला ओलांड म्हटलं नाही. ते तिला 'वेदिकाची आई' म्हणत. वेदिका जन्माला यायच्या आधी काहीच म्हणत नसत.

राग आला तर वेणीमाधव बोलत नसत. त्यांचा राग ताटात दिसायचा. यशोधनने लग्नाचं सांगितलं तेव्हा ते कितीतरी दिवस नुसत्या दुधावर राहिले होते. स्कूटर विकायचा विषय निघाला तेव्हा एक वेळ जेवले. घरात याला 'बाबांचा सत्याग्रह' म्हणत. राखीची आई सुलाबाई हे पहिल्यांदा ऐकून खूप हसल्या होत्या. म्हणाल्या, सत्याग्रह हा आमच्याकडचा शब्द. काळारामाच्या दारात उन्हात उभं राहून आमच्या आज्यानं कमावलेला. तुझ्या सासऱ्यानं तो कधी उसना नेला?

*

त्या उन्हाळ्यात 'नको'ची साथ आली.

आधीची साथ येऊन काही वर्षं झाली होती. लोकांनी कपाटातून मास्क काढले, पण या खेपेला मास्कने फार काही होईना. साथ वटवाघळांतून आली की वितळलेल्या बर्फातून, यावर टीव्हीवर भांडणं चालली होती. शास्त्रीय नाव लांबलचक होतं. नाशिकने तिला नको म्हटलं, कारण आजारी माणसाच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरायचा. ताप नाही, खोकला नाही, दुखणं नाही. मेंदूत तहान जिथे जागी होते तिथला दिवा कुणीतरी मालवल्यासारखं व्हायचं. पाणी पुढे केलं की माणूस मान वळवायचा, अगदी नम्रपणे, पोट भरलेल्या पाहुण्यासारखा. बळेच ओतलं तर घशाखाली उतरायचं नाही. उतरलंच तर फुफ्फुसात जायचं. मग जीभ कोरडी, मग लघवी बंद, मग झापड.

सलाइन हा एकच उपाय होता आणि सगळ्या जगाला एकाच वेळी सलाइन हवं होतं. शिवाय सलाइनने माणूस तगायचा, बरा व्हायचा नाही. सुई काढली की पुन्हा नको. काही लोक मात्र बरे होत होते. ते पुन्हा आपल्या हाताने पाणी पिऊ लागत, आणि एकदा असं पिणं सुरू झालं की तहान मागून परत येई. ते पहिल्यांदा का पितात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

*

हेल्पलाइनवर यशोधनला विचारलेले प्रश्न आणि त्याने दिलेली उत्तरं:

रुग्णाने शेवटचं पाणी कधी घेतलं?

दशमीला.

म्हणजे कधी?

एकादशीच्या आदल्या दिवशी.

मग दुसऱ्या दिवशी तो पीत नाही, हे लक्षात आलं नाही?

निर्जला एकादशी होती. ते दरवर्षी करतात.

आणि तिसऱ्या दिवशी?

आम्हाला वाटलं, रागावलेत.

*

झालं होतं ते असं.

दशमीला सकाळी नळाला पाणी बारीक येत होतं. राखीला बादली लावायची होती आणि नळाखाली वेणीमाधवांची कळशी होती, अर्धी भरलेली. कंपनी बंद होती, पण ऑनलाइन मीटिंग सुरू व्हायला आली होती. तिने कळशी उचलून बाजूला ठेवली. मागे वळली तर वेणीमाधव दारात. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कळशीतलं पाणी तुळशीत ओतलं, कळशी घासली, आणि बादली भरेपर्यंत शांतपणे उभे राहिले. तिला त्यांचं ते उभं राहणंच जास्त लागलं. त्यांनी एकदा खेकसायला हवं होतं, असं ती यशोधनला म्हणाली. म्हणजे मलाही खेकसता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. वेणीमाधव पाण्याचा थेंब न घेता दिवसभर पोथी वाचत बसले. चेहरा प्रसन्न होता. या वयात एवढ्या उन्हात कसं जमतं त्यांना, असं यशोधन शेजाऱ्यांना फोनवर कौतुकाने सांगत होता.

द्वादशीला उपास सोडायचा. राखीने पहाटे उठून पुरणाचा घाट घातला. मनात होतं की कळशीचं प्रकरण यात विरघळून जावं. यशोधन हाक मारायला गेला तर वेणीमाधव अंथरुणातच. पाणी आणू का, म्हटल्यावर म्हणाले, नको. जेवायला? नको. आंघोळीचं पाणी काढलंय. नको.

आंघोळसुद्धा नको म्हटल्यावर घरात सगळ्यांना खात्रीच पटली, की राग या खेपेला मोठा आहे. यशोधनने राखीकडे पाहिलं. ते पाहणं तिला कळलं आणि तिचं डोकं फिरलं. करू दे त्यांना उपास, ती म्हणाली, मी माफी मागणार नाही, कळशी होती, बॉम्ब नव्हता. यशोधन दोन्हीकडून अवघडला आणि पुरणपोळी खात बसला.

सगळ्या शहराला तो शब्द पाठ झाला होता. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेतली पोरं, कुणी सहज नको म्हटलं तरी समोरचा दचकायचा. फक्त या एका घरात नकोची सवय जुनी होती. म्हणून तिथे कुणी दचकलं नाही.

संध्याकाळी वेदिका आजोबांच्या पायथ्याशी चित्र काढत होती. ती येऊन म्हणाली की आजोबांची जीभ पोपटासारखी दिसते. राखी धावत गेली. तिने त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

*

खालच्या मजल्यावर डॉक्टर आल्हाद राहायचा, यशोधनचा शाळेपासूनचा मित्र. तो लगेच वर आला, त्याने तपासणीची पट्टी लावली, पट्टीवर जांभळी रेघ उठली. कुठल्याच दवाखान्यात खाट नव्हती. आल्हादने स्वतःच्या घरी जपून ठेवलेल्या सलाइनच्या बाटल्या आणून खिळ्याला टांगल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. आणखी बाटल्या मिळण्याची आशा धरू नका. या संपायच्या आत बाबांनी आपल्या हाताने पाणी प्यायला हवं. ते कसं प्यायचं, हे मलाही माहीत नाही.

मग घराने सगळं करून पाहिलं. बशीतला चहा, नको. कोकम सरबत, नको. उसाचा रस आणायला यशोधन द्वारकेपर्यंत गेला. रसवंतीवाल्याने चाक फिरवलं तेव्हा घुंगरांचा आवाज ऐकून त्याचं त्यालाच रडू आलं. रस, नको. वेदिकाने आपली कार्टूनची बाटली पुढे केली. वेणीमाधव तिच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, नको. तो नको सगळ्यांत गोड होता आणि सगळ्यांत भयंकर.

राखीने माफीही मागितली. कुणी खोलीत नसताना, हळू आवाजात, मनापासून. कळशीला हात लावायला नको होता मी, असं म्हणाली. त्यावरही ते नकोच म्हणाले.

*

अशात सुलाबाई येऊन थडकल्या. रिक्षा मिळाली नाही म्हणून दुधाच्या टेम्पोत बसून आल्या होत्या. साथीत कशाला आलीस म्हणून राखी रागावली, तेव्हा म्हणाल्या की लेक दोन रात्री झोपली नाही, तिला भाकरी कोण घालणार. आल्हादने दारातच त्यांची पट्टी लावली. पट्टीवर रेघ उठली, पण जांभळी नव्हती, हिरवी. म्हणजे नको येऊन गेलेला होता.

सुलाबाईंना पत्ताच नव्हता. मागच्या आठवड्यात तोंडाला चव नव्हती, म्हणाल्या. चहा नको वाटायचा, कोपऱ्यावरच्या सोड्याकडे बघवत नव्हतं. मग बरं वाटलं. आल्हाद तिथेच खाली बसला आणि खोदून खोदून विचारू लागला. त्या दिवसांत पाणी प्यायलात? नाही. अजिबात? अजिबात. असं कसं होईल, आठवा. सुलाबाई चिडल्या. म्हणाल्या, सकाळची मिश्री लावल्यावर तांब्याभर पाणी घेते, ते काय पाणी पिणं झालं का? ते मिश्रीचं असतं.



"मिश्री लावायची इच्छा होत होती?" राखीने विचारलं.

"विच्छा कसली? उठलं की डबीकडं हात जातोय. चाळीस वर्षं जातोय." सुलाबाईंनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "आता तुझ्या सासऱ्याची मिश्री कोणती, ते हुडका."

आल्हाद शास्त्राच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. इच्छा मेंदूत एका ठिकाणी असते आणि सवय दुसऱ्या; साथ पहिलीकडे गेली असेल, दुसरी अजून जागी असेल. यशोधन वडिलांच्या सवयी मोजू लागला. स्कूटरची किक. सुपारी. पेपरातलं शब्दकोडं. यात पाणी कुठे आहे?

राखी ओट्यापाशी गेली होती. कुकरचं झाकण तिच्या हातात होतं. पलीकडे देवघराचा उंबरठा, त्यापलीकडे रिकामा पाट. रोज सकाळी शिट्टीच्या आधी तीन पळ्या, शिट्टीनंतर एक.

ती परत आली आणि म्हणाली, "संध्या. संध्या करताना पळीने पाणी पितात ना ते?"

 यशोधनच्या डोक्यात हे येणंच शक्य नव्हतं. त्या घरात संध्येचं पाणी हे पाणी नव्हतंच. निर्जला एकादशीलासुद्धा ते चालायचं. ते पिण्यात मोजायचं, हे राखीला सुचलं, कारण ती नऊ वर्षं ते बाहेरून पाहत होती.

*

अंथरुणात पळी तोंडाशी नेऊन उपयोग झाला नाही. नको. मग राखी म्हणाली, की हाताला सगळं नेहमीसारखं दिसायला हवं.

यशोधनने वडिलांचं अंग ओल्या पंच्याने पुसलं, केस भिजवले, सोवळं नेसवलं. सलाइनची बाटली आल्हादने काढली. पाट मांडला, ताम्हण, पंचपात्री, पळी. कळशी यशोधननेच भरली. पूर्वेकडे तोंड करून वेणीमाधवांना पाटावर बसवलं, पण ते एका बाजूला कलायला लागले. यशोधनला मागे बसून त्यांना दोन्ही हातांनी धरावं लागलं. पंचपात्री समोर आणि पाणी घालायला कुणी नाही. आल्हाद पायऱ्या उतरून दुसऱ्या पेशंटकडे गेला होता.

राखी उंबरठ्याबाहेर उभी होती. सुलाबाई तिच्या मागे.

यशोधनने वडिलांच्या खांद्यामागून सुरुवात केली. केशवाय नमः. मग थांबला. मुंज झाली तेव्हा येत होतं, आता पुढचं नाव सापडेना. वासुदेवाय, म्हणाला. वेणीमाधवांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा म्हणाला, विष्णवे. आठी वाढली.

"नारायणाय नमः," राखी बाहेरून म्हणाली. "मग माधवाय. मग गोविंदाय."

यशोधनने मान वर केली. "तू ये आत," तो म्हणाला.

ती आत आली. पहिल्यांदाच आली, आणि आत आल्यावर तिला दिसलं की देवघर बाहेरून वाटायचं त्याहून लहान आहे. ती समोर बसली. पळी हातात घेतली, पंचपात्रीतून पाणी काढलं, आणि तिचा हात मध्येच थांबला. समोरचा माणूस बेशुद्ध नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी माझ्या हातचं आहे. चालेल का?"

"नको," वेणीमाधव म्हणाले.

आता हा नको कुठला? साथीचा की सोवळ्याचा? पळीतलं पाणी हलत होतं. ते शुद्धीत नाहीत, तू घाल, असं यशोधन म्हणाला. ती म्हणाली की आहेत शुद्धीत, तोच तर प्रश्न आहे. हा माणूस बरा झाला आणि त्याने विचारलं, मी नाही म्हटलं होतं ना, तर काय सांगायचं? ज्या नकोखाली तिची माणसं पिढ्यान् पिढ्या उभी राहिली, तो नको तिला असा दुसऱ्याच्या अंगावरून तुडवत जायचा नव्हता. आणि नाही घातलं पाणी, तर उद्या विचारायला हा माणूसच नसेल.

"आधी जगवा की व्याह्यांना," सुलाबाई मागून म्हणाल्या. "मग रुसू द्या वर्षभर."

राखीने त्यांच्या चेहऱ्यावरून नजर खाली घेतली. तेव्हा तिला हात दिसला. वेणीमाधवांचा उजवा हात मांडीवरून उठला होता. बोटं जवळ आलेली, तळहाताची खोलगट वाटी झालेली. तोंड नको म्हणत होतं आणि हात वाट पाहत होता.

तिने हाताचं ऐकलं.

केशवाय नमः. पाणी तळहातात पडलं. हात ओठांकडे गेला. घशाची गाठ वर सरकली आणि खाली आली.

नारायणाय नमः. पुन्हा.

माधवाय नमः. पुन्हा.

यशोधन मागे बसून हे फक्त पाठीतून अनुभवत होता. प्रत्येक घोटाला वडिलांची पाठ किंचित हलत होती. गेले का, गेले का आत, असं तो विचारत राहिला. राखी उत्तर द्यायचं विसरली. तीन घोट गेले म्हटल्यावर तिला हाव सुटली. तिने चौथी पळीही तशीच भरून घातली आणि म्हणाली, गोविंदाय नमः, आणि हात ओठांकडे जायची वाट पाहू लागली.

हात गेला नाही. तो वळला आणि त्याने पाणी ताम्हणात सोडून दिलं.

"हे प्यायचं नसतं," वेणीमाधव म्हणाले.

आवाज वाळक्या पानासारखा होता. पण ते पूर्ण वाक्य होतं आणि त्यात चूक काढलेली होती. यशोधन वडिलांच्या पाठीवर कपाळ टेकून रडायला लागला. सुलाबाई म्हणाल्या, व्याही आले परत.

*

मग त्या घरात एकामागून एक संध्या झाल्या. सूर्याशी त्यांचा काही संबंध उरला नाही. पळी लहान पडते म्हणून सुलाबाईंनी आमटीचा डाव सुचवला. वेणीमाधवांच्या हाताने तो ओळखला नाही, म्हणून परत पळी. तीन घोट, एक सोडायची. थोडं थांबायचं, पुन्हा केस ओले करायचे, पुन्हा केशवाय. राखी थकली की यशोधन घालायचा. नावांचा क्रम त्याला एव्हाना आला होता. यशोधन थकला की राखी. मधल्या वेळात आल्हादने उरलेल्या बाटल्या लावल्या. त्या संपल्या. त्यानंतर फक्त पळी होती.

सुलाबाई दारात बसून भाकरी थापता थापता वसाहतीतल्या गोष्टी सांगायच्या. राखीचे वडील सावळीराम यांनी एकदा लग्नाच्या वरातीत बँडवाल्याचा ड्रम फोडला, ती गोष्ट चालू होती. वेणीमाधव भिंतीला टेकून बसले होते. गोष्ट ऐन रंगात आली होती. सावळीराम ड्रमवर पडले होते आणि ड्रम घरंगळत निघाला होता, तेवढ्यात वेणीमाधव म्हणाले, "जरा पाणी."

सुलाबाई थांबल्या. राखी ओट्याशी होती. तिला घाई करायची नव्हती, घाईत काहीतरी चुकेल असं वाटलं. तिने नेहमीचा स्टीलचा पेला घेतला, फिल्टरचं पाणी भरलं आणि नेऊन त्यांच्यापुढे धरला. देवघर नाही, सोवळं नाही, एकही नाव नाही.

त्यांनी पेला घेतला आणि संपवला. मग आणखी एक मागितला. घशाचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

मग त्यांनी सुलाबाईंना विचारलं, की ड्रमचं पुढे काय झालं.

*

काही दिवसांनी, अंगात बळ आल्यावर, वेणीमाधव पाटावर बसायला निघाले आणि ओट्याशी थांबले.

"नऊ वर्षं ऐकत होतीस?"

"ऐकू येत होतं. कुकर लावत होते."

त्यांनी मान हलवली. राखी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. एकदा विचारायलाच हवं होतं.

"त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात. तो नको कुठला होता?"

 उगाच गोड बोलणाऱ्यांतले ते नव्हते.

"आठवत नाही," ते म्हणाले. "पण तू विचारलंस, ते आठवतं. पाणी इतकं ओठाशी आलेलं असताना विचारलंस." मग कळशी उचलली, ती रिकामी होती, आणि तिच्या हातात दिली. "राखी, एवढी भरून ठेव. नळ बारीक आहे, मला उभं राहवत नाही."

तिने कळशी भरली. नळाला खरंच पाणी बारीक होतं.

*

आल्हादने ही हकीकत आपल्या डॉक्टर मित्रांना कळवली आणि ती फोनाफोनी करत जिल्हाभर, मग त्याच्याही पलीकडे गेली. तुमच्या माणसाची मिश्री कोणती, असं लोक एकमेकांना विचारू लागले.

येवल्यात भिमाजीच्या बायकोने त्याला मागावर बसवलं आणि कात्रीने एक धागा मुद्दाम तोडला. तो ओरडला, टोक जिभेने ओलं केलं आणि लोट्याकडे हात नेला. त्या आठवड्यात तिने अख्खी पैठणी तोडत आणली असती, पण तेवढी गरज पडली नाही.

देवळ्याला आक्काबाईंच्या सुनांनी अंगणात कांद्याचा ढीग ओतला. गोणी भरायची, शिवायची, करवंटी. मग सुना ती गोणी मागच्या दाराने पुन्हा रिकामी करायच्या. आक्काबाई बऱ्या झाल्यावर म्हणाल्या की यंदा कांदा लय निघाला.

बारकू ड्रायव्हरला घरच्यांनी खुर्चीत बसवलं, हातात परात दिली. बायकोने मागून डबल बेल दिली. घाट उतरेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरला होता. मग डावा हात हळूच बाजूला गेला.

सगळी माणसं वाचली नाहीत. काहींना पाण्याची सवय अशी कुठलीच नव्हती, काहींची घरात कुणाला ठाऊक नव्हती. पण द्वारकेच्या रसवंतीवर आता गर्दी आहे, आणि जगातल्या लांबलांबच्या शहरांत लोक आपल्या माणसांकडे बारकाईने पाहत बसलेत, की याचा हात न विचारता कुठे जातो.

*

लग्नाच्या आधी राखी पहिल्यांदा त्या घरी गेली होती, तेव्हा वेणीमाधवांनी स्वतः उठून तिच्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला होता. ती 'नको' म्हणाली आणि तो न पिता परत आली होती.